परभाषेत रुजलेली मराठी माणसं : एका लेखमालेची प्रस्तावना

बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जाणाऱ्या एका अंगाईगीतात बाळाला भीती घातली जाते ती बर्गींची. बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेतले घोडेस्वार. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं या फौजांच्या स्वाऱ्या बंगालवर होत राहिल्या. गावं जळाली, पिकं गेली, चौथाईसाठी माणसांचे हाल झाले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात हे सगळं पद्यात लिहून ठेवलं आणि आपल्या काव्याला नाव दिलं 'महाराष्ट्र पुराण'. कोलकात्याच्या इंग्रजांनी मराठ्यांच्या धास्तीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला आणि तो पुढे मराठ्यांच्याच नावानं ओळखला गेला. अटकेपार गेलेल्या झेंड्याच्या गोष्टी ऐकत आपण वाढतो. त्याच शतकातली ही दुसरी गोष्ट बंगाली मूल पाळण्यात असल्यापासून ऐकतं.

या मुलखात एका मराठी घरात १८६९ साली सखाराम गणेश देउस्कर यांचा जन्म झाला. गाव देवघरजवळचं करौं. आज हा भाग झारखंडात येतो, तेव्हा तो बंगाल इलाख्यात होता. घराणं मूळचं कोकणातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली. शिक्षण देवघरला झालं आणि पुढे तिथल्याच शाळेत ते मास्तर झाले. एका इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर वर्तमानपत्रात टीका केल्यामुळे ती नोकरी गेली आणि कोलकात्याच्या 'हितवादी' या बंगाली पत्रात ते मुद्रितशोधक म्हणून लागले. मुद्रितं तपासता तपासता ते त्या पत्राचे संपादक झाले. मातृभाषा मराठी असलेला माणूस एका वजनदार बंगाली पत्राचं संपादकपद सांभाळत होता, ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. ही लेखमाला सुरू करावीशी वाटली, त्यामागे ही खंत आहे.

देउस्करांनी बंगालीत काय लिहिलं ते पाहा. न्यायमूर्ती रानड्यांचं चरित्र, बाजीरावांवर पुस्तक, आनंदीबाईंवर पुस्तक, झाशीच्या राजपुत्रावर पुस्तक आणि शिवाजी महाराजांवर एकामागून एक पुस्तिका. त्यांपैकी 'शिवाजीर दीक्षा' १९०४ साली निघाली. देउस्करांच्या आग्रहावरून रवींद्रनाथ ठाकुरांनी याच पुस्तिकेसाठी शिवाजी महाराजांवर एक दीर्घ कविता लिहून दिली. ज्या भाषेत मराठ्यांच्या नावानं मुलं निजवली जात होती, त्या भाषेच्या सर्वांत मोठ्या कवीनं मराठ्यांच्या राजाला साऱ्या देशाचा म्हणून हाक मारली. स्वदेशीची हवा तापत होती, टिळकांनी महाराष्ट्रात सुरू केलेल्या शिवजयंती उत्सवाची वार्ता बंगालपर्यंत पोचली होती, ही कारणं होतीच. पण हवा तापली म्हणून माणसं आपोआप जवळ येत नाहीत. मधे बसून, दोन्हीकडचं वाचून, एकाचं दुसऱ्याला नीट समजावून सांगणारं कुणीतरी लागतं. बंगालात ते काम देउस्करांनी केलं.

शिवाजी महाराजांविषयी पुण्यात लिहिणं आणि कोलकात्यात लिहिणं ही दोन वेगवेगळी कामं होती. पुण्यात नुसतं नाव घेतलं की टाळ्या पडत. कोलकात्यात समोरचा वाचक बर्गींची आठवण घेऊन बसलेला होता. त्याला दटावून, त्याची आठवण खोटी ठरवून किंवा ती विसरायला सांगून काहीही साधलं नसतं. शिवाजी महाराजांचं राज्य कशावर उभं होतं, रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नये अशी त्यांची ताकीद का होती, आणि सुमारे सत्तर वर्षांनी त्यांच्याच झेंड्याखालच्या फौजा बंगालात जे वागल्या ते त्या ताकिदीला धरून होतं का, या प्रश्नांना भिडल्याशिवाय बंगालीत महाराजांचं चरित्र उभं राहूच शकत नव्हतं. आपला अभिमान परक्याच्या भाषेत मांडायला गेलं की तो असा तपासून घ्यावा लागतो. त्यातलं पोकळ असेल ते गळून जातं आणि जे उरतं ते कुणालाही डोळ्याला डोळा देऊन सांगता येतं. या लेखमालेत मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, आणि ते मी अगदी मनापासून सांगत आहे : देशाभिमान आणि परभाषेची ओढ ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. दुसऱ्याच्या भाषेत जाऊन आल्याशिवाय आपल्या अभिमानाचा कस लागत नाही.

यात सगळं गोडच घडलं असं नाही. १९०६ साली कोलकात्यात मोठा शिवाजी उत्सव झाला. टिळक आणि त्यांचे सहकारी खापर्डे, मुंजे त्यासाठी तिकडे गेले. त्या उत्सवात भवानीची मूर्ती मांडून पूजा झाली. त्यामुळे मुसलमान मंडळी आणि काही ब्राह्मो समाजी नाराज झाले. महाराष्ट्रात जे सहज खपून जात होतं त्याचा तिथे वेगळा अर्थ लागला. आपला आनंद दुसऱ्याच्या अंगणात साजरा करताना तिथल्या सगळ्या माणसांचा विचार करावा लागतो, हा धडा त्यात होता. तो त्या वेळी पुरता घेतला गेला नाही, असं माझं मत आहे.

देउस्करांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे 'देशेर कथा'. तेही १९०४ चंच. इंग्रजी राजवटीत देश कसा कंगाल होत गेला याचा तो हिशेब आहे. दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी, रमेशचंद्र दत्त यांनी इंग्रजीत मांडलेले आकडे देउस्करांनी साध्या बंगालीत, शाळा शिकलेल्या कुणालाही कळतील असे मांडले. विणकर कसे देशोधडीला लागले, शेतकऱ्याच्या पदरात काय उरलं, कालव्यांपेक्षा रेल्वेवर पैसा का ओतला गेला, हे सगळं त्यात येतं. आणि शेवटाकडे ते एका अवघड मुद्द्याला हात घालतात : मुलूख जिंकल्यानंतर राज्यकर्ते माणसांची मनं कशी जिंकतात आणि जिंकलेल्या माणसाला आपल्या पूर्वजांची, आपल्या भाषेची लाज कशी वाटू लागते. पुस्तकाच्या आवृत्त्या भराभर निघाल्या. वंगभंगाच्या चळवळीतल्या तरुणांनी ते हातोहात फिरवलं. १९१० साली सरकारनं त्यावर बंदी घातली.

त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस दुभंगली. टिळकांच्या विरोधात लिहावं असं 'हितवादी'च्या चालकांनी देउस्करांना सांगितलं. त्यांनी ते लिहिलं नाही, संपादकपद सोडलं. पुढच्या वर्षी टिळकांना शिक्षा झाली तेव्हा त्या खटल्यावर आणि टिळकांच्या चरित्रावर त्यांनी बंगालीत पुस्तक लिहिलं. १९१२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांनी आयुष्यभर बंगालीची सेवा केली आणि टिळकांना सोडलं नाही. ही दोन निष्ठांची ओढाताण होती असं मला कधीच वाटलं नाही.

देउस्करांचे एक भाचे होते, बाबूराव विष्णू पराडकर. जन्म काशीचा, १८८३ चा. मामाच्या मागोमाग तेही कोलकात्याला गेले आणि वृत्तपत्रांत शिरले. त्यांची लेखणी हिंदीत चालली. मामांच्या 'देशेर कथा'चा हिंदी अनुवाद त्यांनी केला. क्रांतिकारकांशी संबंध ठेवल्याच्या संशयावरून त्यांना काही वर्षं डांबून ठेवण्यात आलं. सुटून आल्यावर १९२० साली काशीत 'आज' हे दैनिक सुरू झालं तेव्हा ते त्यात गेले आणि पुढची कित्येक वर्षं हिंदी पत्रकारितेचं वळण त्यांनी घडवलं. मामानं बंगालीत लिहिलेलं भाच्यानं हिंदीत नेलं आणि दोघांच्या घरात मराठी बोलली जात होती. भारतीय राष्ट्रवाद कसा घडला यावर जाडजूड ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला मात्र या एका घराण्याकडे पाहिलं की तो जास्त चांगला कळतो.

ही लेखमाला आत्ताच का, असं कुणी विचारेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, त्याचा आनंद आपण सगळ्यांनी केला. पुढच्याच वर्षी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणण्याचे शासन निर्णय निघाले, त्यांना मोठा विरोध झाला आणि जून २०२५ अखेर ते मागे घ्यावे लागले. तो विरोध मला योग्य वाटला. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर आदेशानं लादलेल्या भाषेतून कुठलंही राष्ट्रप्रेम उगवत नाही. पण त्या दिवसांत आणखी एक सूर ऐकू आला, आणि त्यानं मी अस्वस्थ झालो. दुसरी भाषा शिकणं म्हणजेच हार, परभाषकाशी त्याच्या भाषेत बोलणं म्हणजे लाचारी, असा तो सूर होता. या सुराला उत्तर द्यायचं तर आपल्याच पूर्वजांकडे जावं लागतं. लादलेली भाषा आणि मनानं पत्करलेली भाषा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे पटवायला देउस्कर, पराडकर, सप्रे, कालेलकर, बेंद्रे, मुक्तिबोध यांची चरित्रं पुरेशी आहेत.

एक तक्रार मात्र गंभीरपणे घ्यायला हवी, कारण ती खोटी नाही. मराठी माणूस जिथे जातो तिथली भाषा शिकतो, पण महाराष्ट्रात येणारे मराठी शिकत नाहीत, मग दरवेळी आपणच का वाकायचं? मुंबईत राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाच्या मनात हा प्रश्न येऊन गेलेला असतो. महाराष्ट्रात येणाऱ्यानं मराठी शिकावी, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती ठामपणे सांगितली पाहिजे. शासनानंही त्यासाठी नुसत्या पाट्या न तपासता प्रौढांसाठी मराठीचे चांगले वर्ग काढले पाहिजेत. पण या लेखमालेतली माणसं वाकलेली नव्हती. माधवराव सप्रे मध्य प्रांतातल्या पथरियात जन्मले, १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, पुढे नागपुरातून 'हिंदी केसरी' चालवला आणि त्यापायी १९०८ मध्ये अटक सोसली. दासबोध आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं तेही त्यांनीच. आज हिंदी पट्ट्यात टिळकांचं नाव घरोघर माहीत आहे, त्यात सप्र्यांच्या अनुवादाचा वाटा किती मोठा आहे! ज्याच्याकडे देण्यासारखं काही असतं तोच दुसऱ्याच्या दारात एवढ्या आत्मविश्वासानं जातो.

काकासाहेब कालेलकरांची गोष्ट याहून वेगळी. जन्म साताऱ्याचा, १८८५ चा. बालपण कारवार, बेळगाव, शहापूर अशा भागांत गेलं, त्यामुळे मराठीबरोबर कन्नड आणि कोकणी लहानपणापासून कानावर. हिमालयात भटकून आल्यावर ते शांतिनिकेतनात गेले, तिथे १९१५ साली गांधीजी भेटले आणि आयुष्याची दिशा बदलली. गांधीजींच्या आश्रमात आले आणि गुजराती शिकले. नुसते शिकले नाहीत, त्या भाषेत त्यांचा हात असा बसला की 'हिमालयनो प्रवास' आणि 'स्मरणयात्रा' ही पुस्तकं गुजराती गद्याची लेणी मानली जातात. गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती म्हटलं.

या गोष्टीतला एक तपशील थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातीत शुद्धलेखनाचा गोंधळ होता. एकच शब्द तीन वर्तमानपत्रांत तीन तऱ्हांनी छापला जाई. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम ज्याचे त्याचे. गांधीजींना हे फार खटकत असे. गुजरात विद्यापीठाकडे त्यांनी शब्दांची प्रमाण रूपं ठरवणारा कोश करण्याचं काम सोपवलं आणि त्याची जबाबदारी ज्या मोजक्या माणसांवर टाकली त्यांत कालेलकर होते. १९२९ साली 'जोडणीकोश' निघाला. शब्द संस्कृतातून आला की लोकांच्या तोंडातून, त्यातला ऱ्हस्व इकार ठेवायचा की दीर्घ, बोलण्यात हरवलेला हकार लिहिण्यात ठेवायचा की नाही, असे शेकडो निर्णय त्यामागे आहेत. भाषेच्या माणसांना यातली जोखीम कळेल. आपल्याकडे शुद्धलेखनाच्या नियमांवरून किती वाद झाले हे आठवलं, तर परप्रांतात जन्मलेल्या माणसावर असं काम सोपवणं म्हणजे काय, याची कल्पना येते. गुजराती समाजानं तो विश्वास टाकला आणि नंतर आपल्या साहित्य परिषदेचं अध्यक्षपदही त्यांना दिलं. मोकळेपणा कालेलकरांचा होता, तितकाच गुजरातचाही होता. ही दुसरी बाजू आपण सहसा मोजत नाही.

कर्नाटकाबद्दल लिहिताना हात थोडा जड होतो. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या दुःखाशी मी पूर्णपणे बांधील आहे. तिथल्या मराठी शाळा आणि मराठी पाट्या यांसाठी जे झगडले त्यांचा मला आदर आहे. आणि तरीही दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे मला आपले वाटतात. धारवाडात १८९६ साली जन्मलेला, मराठी मातृभाषेचा हा कवी कन्नडचा वरकवी झाला. आईचं नाव अंबिका, म्हणून 'अंबिकातनयदत्त' या नावानं त्यांनी कविता लिहिल्या. त्यांच्या कवितेत धारवाडच्या बोलीचा असा काही ठेका आहे की कन्नड न येणाऱ्यालाही ती ऐकताना पाय हलवावेसे वाटतात. स्वातंत्र्याच्या लढ्यात 'नरबली' या कवितेपायी त्यांना तुरुंगवास आणि नजरकैद सोसावी लागली. कन्नड नाडाचा अभिमान जागवणाऱ्यांत ते पुढे होते आणि कर्नाटकाच्या एकीकरणाचे पुरस्कर्ते होते.

याच बेंद्र्यांनी १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षं सोलापुरात दयानंद महाविद्यालयात कन्नड शिकवलं. हीच वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या मागण्या एकमेकींना भिडण्याची. सोलापूर हे तर मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत नांदणारं शहर. तिथे राहून त्यांनी मराठीतही लिहिलं. 'संवाद' हे त्यांचं मराठी पुस्तक नावाजलं गेलं. पंढरपूरच्या विठ्ठलावर तर ते अधिकारानं बोलत. विठ्ठल कानडा आहे की मराठी, हा वाद घालणाऱ्यांनी बेंद्र्यांचं विठ्ठलावरचं लेखन वाचावं. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना 'नाकु तंती'साठी मिळाला. एका प्रांताचा कट्टर अभिमानी दुसऱ्या प्रांताच्या भाषेत आपलं अंतःकरण उघडू शकतो याचं इतकं लखलखीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही. राज्यांच्या सीमा नकाशावर आखाव्याच लागतात, त्यांच्यासाठी भांडावंही लागतं. बेंद्र्यांना त्या सीमेच्या कुठल्या बाजूला बसवायचं हे मात्र मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची गरजही वाटत नाही.

गजानन माधव मुक्तिबोधांवर या मालेत दोन लेख असतील, म्हणून इथे थोडंच. जन्म १९१७ चा, ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. घरात मराठी. थोरल्या भावाची कविता हिंदीत, धाकट्या शरच्चंद्रांची मराठीत, आणि दोघांनीही आपापल्या भाषेतल्या नव्या कवितेला वळण दिलं. एका घरात दोन भाषांचं एवढं मोठं पीक आलं. कोण कुठल्या भाषेत लिहील हे कुणी नेमून दिलं नव्हतं. मालती जोशींवरही लेख आहे. औरंगाबादला जन्मलेल्या आणि इंदूर-भोपाळकडे वाढलेल्या या लेखिकेनं मध्यमवर्गी घरांतल्या बायकांचं जग हिंदीत आणि मराठीतही मांडलं. हातात कागद न घेता आपली आख्खी कथा सभेत मुखोद्गत सांगण्याची त्यांची हातोटी ज्यांनी अनुभवली, ते तिच्याबद्दल अजून बोलतात. अशा लेखिका आणखी असणार. या यादीत बायका कमी दिसतात त्याचं कारण त्यांनी लिहिलं नाही हे नसून आपण शोधलं नाही हे आहे.

तंजावरचं प्रकरण बाकीच्यांहून निराळं आहे, कारण तिथे मराठी माणसं राज्यकर्ते म्हणून गेली होती. राज्यकर्त्यानं रयतेची भाषा आपलीशी करणं याला एक वेगळी किंमत असते. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत पात्रं बोलतात असं नाटक रचलं. 'पंचभाषाविलास' हे त्याचं नाव. दक्षिणेतल्या रंगमंचावर तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पाच भाषा एकमेकींना ऐकवल्या जात होत्या. पुढे सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. तो तिथे जाऊन जरूर पाहावा. चोळांनी हजार वर्षांपूर्वी बांधलेलं देऊळ, आसपास सगळीकडे जुन्या तमिळ अक्षरांचे लेख, आणि एका लांबच लांब भिंतीवर ओळीमागून ओळी आपली देवनागरी. जवळ गेलं की 'महाराज', 'राज्य', 'पुत्र' असे ओळखीचे शब्द उमटायला लागतात. ऊर भरून येतो, हे मी लपवणार नाही. पण त्याच वेळी मनात येतं की त्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या तमिळ भाविकाला ही भिंत काय सांगत असेल. त्याच्यासाठी ती वाचता न येणारी अक्षरं आहेत. सरफोजींनी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ, तेलुगू, संस्कृत पोथ्या जिवापाड जपल्या नसत्या तर ही भिंत नुसती विजेत्याची खूण राहिली असती. ग्रंथालय आणि भिंत ही दोन्ही एकाच राजाची कामं आहेत, ती एकत्रच वाचली पाहिजेत.

उलट दिशेनं आलेली माणसं या मालेत थोडीच आहेत, त्यांच्यावर वेगळं पुस्तक होईल. पण दोघांना वगळणं शक्य नव्हतं. पहिले फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि तिथेच त्यानं देह ठेवला. १६१६ साली रायतूरला छापलेलं त्याचं 'क्रिस्तपुराण' म्हणजे सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. तो धर्मप्रसारासाठी आला होता आणि त्या काळात गोव्यातली देवळं पाडली जात होती, हे विसरून त्याच्याविषयी लिहिता येत नाही. पण ज्ञानेश्वर-नामदेवांच्या ओवीला त्यानं इतक्या प्रेमानं हात लावला की ते प्रेम आपणही नाकारू शकत नाही. आणि त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ते फर्मान कागदावर राहिलं आणि लोकांची भाषा जिवंत राहिली. स्टीफन्सच्या ओव्या तर बंदीच्या काळातही ख्रिस्ती घरांत गायल्या जात होत्या.

दुसरे सर जदुनाथ सरकार. बंगालचा हा इतिहासकार मराठ्यांचा इतिहास मुळातून वाचता यावा म्हणून मराठी शिकला. १९१९ साली त्यांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं तेव्हा पुण्यातल्या अभ्यासकांना त्यातलं बरंच काही झोंबलं. वाद झाले, कडू लेख लिहिले गेले. काही आक्षेप खरे होते : मराठी कागदपत्रांना सरकारांनी फारसी साधनांपेक्षा कमी वजन दिलं, असं मलाही वाटतं. पण त्याच काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई त्यांचे जिवलग मित्र होते. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन सरदेसाई कामशेतला राहत, आणि सरकार दूर पूर्वेकडून तिथे येऊन मुक्काम करत. दोघे मिळून कागद चाळत, जुन्या लढायांच्या जागा पाहायला जात. पुढे पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांनी संपादले, त्यामागेही सरकारांचं पाठबळ होतं. अर्धशतकभर चाललेली त्यांची पत्रं छापलेली आहेत. एकमेकांच्या चुका ते स्पष्ट दाखवतात, रागावतात, आणि पुढच्या पत्रात प्रकृतीची चौकशी करतात. महाराजांविषयी दोघांची मतं सगळीच जुळत नव्हती. सरदेसायांचा अभिमान सरकारांच्या शंकांना घाबरला नाही, आणि सरकारांच्या शंकांत तुच्छता नव्हती. मराठ्यांच्या इतिहासाचं जे भलं झालं त्यात या मैत्रीचा हात आहे, हे तेव्हा रागावलेल्या पुण्यानंही नंतर मानलं असतं तर बरं झालं असतं.

या मालेतले लेख वेगवेगळ्या लेखकांचे आहेत आणि त्यांची मतं सारखी नाहीत. मुक्तिबोधांवरचा एक लेख माझ्या म्हणण्याच्या जवळजवळ विरुद्ध जातो. मातृभाषा सोडून लिहिणाऱ्याचं काहीतरी कायमचं हरवतं, असं त्याचं म्हणणं आहे. तो लेख मी मुद्दाम घेतला, कारण त्या हरवण्याविषयी या माणसांनी स्वतः फार कमी बोलून ठेवलं आहे आणि ते कुणीतरी विचारायलाच हवं.

सामग्रीची मोठी अडचण आहे. छापील पुस्तकं मिळतात, पण घरातली भाषा कशी होती, आई-मुलांच्या पत्रांत मराठीत बंगाली कुठे मिसळत होती, जमाखर्चाच्या वह्या कुठल्या लिपीत लिहिल्या जात, लग्नपत्रिका कुठल्या भाषेत छापल्या जात, हे सांगणारे कागद विखुरलेले आहेत आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे संपत आहेत. काशी, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, जबलपूर, रायपूर, धारवाड, हैदराबाद, तंजावर या गावांत ज्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांनी माळ्यावरच्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. मोडीतले कागद वाचता आले नाहीत तरी टाकू नयेत. मूळ कागद आम्हाला नकोत, ते तुमच्याच घरी राहू द्यात. नीट उजेडात काढलेली छायाचित्रं पाठवलीत, आणि पत्र कुणी कुणाला लिहिलं, घरात कोण कुठली भाषा बोलत असे एवढं सोबत कळवलंत, तर पुढच्या लेखांमध्ये त्यांचा नावानिशी, किंवा तुमची इच्छा असेल तर नाव न घालता, उपयोग करता येईल.